आम्ही गेलो, वाघ आला का?

बामणोलीच्या धक्क्यावरून लाँच सुटली, की पहिली दहा मिनिटे सगळेच गप्प असतात. डिसेंबरातली पहाट, शिवसागराच्या पाण्यावर धुक्याचा थर, दोन्ही बाजूंनी पाण्यात उतरलेल्या डोंगरांच्या सोंडा आणि समोर कुठेतरी वासोटा. कॉलेजात असताना, म्हणजे चाळीसेक वर्षांपूर्वी, मी या पाण्यावरून पहिल्यांदा गेलो. आमच्यातला एक मित्र भारावून म्हणाला, ‘‘काय शांत आहे हो इथे! माणसाचा हात लागलेला नाही अजून.’’ लाँचवाला म्हातारा होता. त्याने ओठातली विडी काढली, खाली पाण्याकडे बोट दाखवले आणि म्हणाला, ‘‘आमचं घर हितं खाली हाय.’’

आम्ही हसलो. मग कुणीच काही बोलले नाही. वासोट्याचे दुसरे नाव व्याघ्रगड. त्या दिवशी गडावर जाताना आम्ही प्रत्येक वळणावर वाघाच्या पावलाचा ठसा शोधत होतो. म्हाताऱ्याच्या घराचा विचार मात्र उतरताना कुणाच्या डोक्यात नव्हता. माझ्याही नव्हता. तो पुढे अनेक वर्षांनी आला, आणि आला तो गेला नाही.

कोयनेचे धरण १९६४ साली पुरे झाले. आज त्यात १०५ टीएमसी पाणी मावते आणि सह्याद्रीच्या पोटातून हे पाणी पश्चिमेला सोडून सुमारे दोन हजार मेगावॉट विजेची सोय होते. महाराष्ट्राच्या घराघरांत उजेड आला तो या खोऱ्यातल्या माणसांनी घरे सोडली म्हणून, हे वाक्य आता भाषणातले झाले आहे. पण ते खरे आहे. ही माणसे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशी जिथे जागा मिळेल तिथे पांगली. महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला तो १९७६ साली. म्हणजे कोयनेची माणसे उठली तेव्हा त्यांना उठवण्याची रीत ठरलेली होती, बसवण्याची ठरायची होती. डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाने या माणसांचा प्रश्न घेऊन इतकी वर्षे जी लढाई चालवली, तिचे मूळ या उलट्या क्रमात आहे.

पाण्याच्या वर जे डोंगर उरले, ते १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झाले. शेजारी वारणेच्या खोऱ्यात चांदोलीचे अभयारण्यही त्याच वर्षी झाले आणि २००४ मध्ये त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. त्याचे क्षेत्र सुमारे १,१६५ चौरस किलोमीटर. त्यातला ६०० चौरस किलोमीटरचा गाभा आणि बाकीचा भोवतालचा पट्टा, ज्याला आता सगळे ‘बफर’च म्हणतात. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून नोंदल्या. त्यांतल्या चार महाराष्ट्रातल्या: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. आपल्या डोंगरांना एवढा मान मिळाला याचा आनंद मलाही झाला. पण कागदावर हा मान चढत गेला तसतशी डोंगरातली गावे उतरत गेली. धरणांनी खोऱ्यातली गावे घेतली, जंगलाने वरची.

वरच्या गावांतला एक माणूस मला चांदोलीच्या बाजूला भेटला. त्यांचे आणि त्यांच्या गावाचे नाव इथे लिहीत नाही. त्यांचा जमिनीचा एक अर्ज अजून फिरतो आहे आणि माझ्या लेखाने त्याचे भले होण्यापेक्षा बुरे होण्याचीच शक्यता जास्त. वसाहतीत सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हणतो. ऊसपट्ट्यातली ही वसाहत. सरळ रेषेत घरे, मध्ये डांबरी रस्ता, टोकाला देऊळ. देवळातली देवी नवी आहे. जुनी देवी आपल्या जागेवरून हलायला तयार झाली नाही, असे मामा सांगतात. म्हणून दर चैत्रात वीस-पंचवीस माणसे वनखात्याची परवानगी काढून तिच्याकडे जातात. सकाळी आत जायचे, दिवस मावळायच्या आत बाहेर. एका वर्षी मामांनी मलाही बरोबर नेले.

आत चूल पेटवता येत नाही, म्हणून नैवेद्याच्या पोळ्या रात्रीच वसाहतीत लाटून घेतलेल्या. जीप सोडल्यावर तासभर चाल होती. चैत्रातही त्या रानात ओलावा होता. अंजन, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांची ही मुख्य वस्ती. उत्तर सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सदाहरित जंगलाची ओळखच या तिघांवरून सांगतात. अंजनाच्या फांद्या निळ्या-जांभळ्या फुलांनी लगडल्या होत्या. शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर झेप घेत आमच्यावर ओरडत होते. बायका चपला हातात घेऊन चालत होत्या. का, ते मी विचारले नाही. गाव जवळ आले होते एवढे कळले.

गाव म्हणजे जोती. दगडी जोत्यांच्या रांगा, त्यांतून उगवलेली झाडे, एक फुटके उखळ, एक तुळशीवृंदावन. मामा हातातल्या काठीने दाखवत होते, ‘‘हे पाटलाचं. हे सुताराचं. ही आमची पडवी. हितं म्हातारी निजायची.’’ पडवीत गव्याचे शेण पडले होते. मामांनी ते काठीने बाजूला केले नाही. त्याला वळसा घालून गेले.

घरांच्या पलीकडे जिथे नाचणी आणि वरी व्हायची, तिथे आता कुरण होते. पिवळे गवत कमरेएवढे आणि त्याच्या टोकाला काळसर ठिपके. दुर्बीण लावली तर गवे! ती भरदार वशिंडे, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखे ते रंग. आम्ही सगळे खाली बसलो. मामांनी डोळ्यांवर हात धरून नुसत्या नजरेने मोजले. ‘‘अकरा. आमच्या आख्ख्या वाडीत येवढी गुरं नव्हती.’’ त्यात तक्रार होती की कौतुक, ते मला आजही ठरवता आलेले नाही.

मी त्यांना विचारले, ‘‘मामा, राग येत नाही?’’

त्यांनी बराच वेळ उत्तर दिले नाही. मग म्हणाले, ‘‘पावणं, लिवणार असाल तर समदं लिवा. आमाला निसतं हाकलून काढलं असं लिवू नका. निम्मी माणसं तयारच हुती. पावसाळ्यात चार महिनं रस्ता न्हाई, डाक्टर न्हाई. माझी भन बाळंतपणात गेली, झोळीत घालून खाली नेता नेता. पोरांची शाळा चौथीपातूर. कोण ऱ्हातंय? पर जाताना जे बोललं हुतं त्ये मिळालं न्हाई. जमीन दिली ती अर्धी खडकाळ, अर्धीवर दुसऱ्याचंच नाव. आन्‌ एक सांगा मला. आमी गेलो ते वाघासाठी. आमाला असंच सांगितलेलं. मग वाघ यायलाच पायजेल का न्हाई? न्हाई आला, तर आमी कशापायी गेलो?’’

व्याघ्र प्रकल्पांवर मी बरीच भाषणे ऐकली आहेत. जंगल राखायचे कशासाठी, याचा इतका सरळ हिशेब त्यांत कुणी मांडला नव्हता.

शहरातला निसर्गप्रेमी जंगलात शिरतो तेव्हा तो ‘माणूस नसलेली जागा’ शोधत असतो. मीही शोधत असे. सह्याद्रीत अशी जागा फार थोडी आहे. इथल्या उतारांवर शेकडो वर्षे माणसे राब जाळून नाचणी-वरी पिकवत आली. गुरे चारली, हिरडा वेचला, मध काढला. आणि याच माणसांनी देवाच्या नावाने रानाचे तुकडे राखले, ज्यांत काडीलाही हात लावायचा नाही. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा भोवतालचे डोंगर उघडे पडले असतानाही तिथे मूळच्या जंगलाचे नमुने टिकलेले त्यांना आढळले. मामांच्या देवीभोवतीही अशी राई आहे. आज ती राष्ट्रीय उद्यानातल्या जंगलात मिसळून गेली आहे. कुठून राई सुरू होते, हे आता फक्त त्या वीस-पंचवीस माणसांना ठाऊक आहे आणि त्यांतला प्रत्येक जण साठीच्या पुढचा आहे.

आता दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. गावे उठल्यावर चांदोलीचे रान सावरले, हे खरे आहे. मोठ्या जनावराला निवांतपणा लागतो. बंदूक नको, फासे नकोत, कुत्री नकोत, उन्हाळ्यातले वणवे नकोत. कोळसुंदे, अस्वल, सांबर, गवा यांना मोठी सलग जागा लागते आणि वाघाला तर त्याहून मोठी. डोंगरात ही गरज आणखी वाढते, कारण भक्ष्य विरळ असते. ताडोब्यासारख्या सपाट, पानगळीच्या जंगलात चितळांचे कळप असतात. सह्याद्रीच्या दाट, सदाहरित रानात वाघाला पोट भरायला पुष्कळ हिंडावे लागते. म्हणून गाभा निर्धोक असला पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मामांच्याही नाही.

पण माणूस बाहेर काढला, फाटक लावले, की निसर्ग आपोआप आपले बघून घेतो, हा समज खरा नाही. मामांच्या शेताचे कुरण झाले आणि गवे आले. ते कुरण तसेच सोडले तर काय होईल? कडेने रानमोडी पसरेल, झुडपे चढतील, पुढे जंगल होईल. जंगल वाईट नाही. पण मग गव्यांनी चरायचे कुठे? म्हणून वनखात्याला ही कुरणे मुद्दाम राखावी लागतात. म्हणजे ज्याला आपण ‘नैसर्गिक’ म्हणतो, त्या चित्रातही एका शेतकऱ्याने पूर्वी फोडलेली जमीन आहे आणि ती राखणारा आजचा मजूर आहे.

हा अनुभव फक्त आपलाच नाही. गढवालमधले नंदादेवीचे खोरे १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि आतली वाट बंद झाली. गिर्यारोहकांनी केलेली घाण आणि बेसुमार वनौषधी काढणे पाहता बंदीला कारण होते. पण त्यात लाता, रैणी या गावांची चराई गेली आणि हमालीवर मिळणारा पैसाही गेला. रैणी म्हणजे तेच गाव, जिथे १९७४ साली गौरादेवी आणि तिच्या बायाबापड्यांनी झाडे तोडायला आलेल्यांना परत पाठवले होते. ज्यांनी जंगल वाचवले, तेच बाहेर! १९९८ मध्ये तिथल्या गावकऱ्यांनी बंदी मोडून आत शिरून निषेध केला. तिथूनच जवळ असलेल्या फुलांच्या घाटीत मेंढ्यांची चराई थांबली आणि एका उंच वाढणाऱ्या तणाने फुलांची जागा व्यापायला सुरुवात केली. चराई बंद झाल्यामुळेच हे घडले, असे काही अभ्यासक म्हणतात. इतरांना ते मान्य नाही. वाद काहीही असो, ते तण उपटायला आता माणसेच लावावी लागतात.

सह्याद्रीत परत येऊ. इथले जैववैविध्य म्हटले की वाघ आणि गवा यांच्यावर बोट ठेवले जाते. पण या डोंगराचे खरे नवल पायाखाली आहे. पाटण, कोयना, कास या भागांत डोंगरमाथ्यांवर जांभ्या दगडाचे सपाट पठार असते. त्याला लोक सडा म्हणतात. मेमध्ये तुम्ही सड्यावर उभे राहिलात तर तापलेल्या तव्यावर उभे राहिल्यासारखे वाटेल. सरकारी कागदात अशा जमिनीला ‘पडीक’ म्हणण्याची जुनी सवय आहे. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की त्याच दगडाच्या खळग्यांत पाणी साठते आणि दोन-तीन महिन्यांत गेंद, सीतेची आसवे, तेरडा, टोपली कारवी अशा फुलांचा गालिचा अंथरला जातो. मातीची जाडी काही ठिकाणी बोटभरही नसते.

याच खळग्यांत एक भेक अंडी घालतो. अंगठ्याएवढा, अंगावर नारिंगी ठिपके असलेला. १९६३ साली, म्हणजे धरणाची भिंत उभी राहत असतानाच, शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली आणि त्याला कोयनेचेच नाव दिले. त्याचे घर म्हणजे सह्याद्रीचा हा छोटा पट्टा. जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठे तो नाही. त्याचा एक जवळचा भाऊबंद आंबोलीला सापडला, तोही २००९ साली. पहिल्या पावसाच्या चार-दोन दिवसांत त्याला सगळा संसार उरकायचा असतो. खळग्यातले पाणी आटले तर पिल्ले गेली. त्या खळग्यावरून गाडी गेली, तरी गेली.

गाड्या जाऊ लागल्या आहेत. सड्यांवर पवनचक्क्या आल्या, त्यांच्यासाठी रस्ते आले, रस्त्यांमागून जमिनींचे दलाल आले. पवनचक्कीला माझा विरोध नाही. वीज आपल्यालाच लागते. पण पवनचक्कीसाठी केलेला रस्ता पवनचक्कीपाशी थांबत नाही. मग ‘फार्महाऊस’, मग ‘रिसॉर्ट’, मग त्याच्या पाण्यासाठी सडा फोडून केलेले शेततळे. बुधवार-गुरुवारी हिरवे दिसणारे डोंगर रविवारी गाड्यांच्या काचांनी चमकतात. त्या गाड्यांत तुम्ही-मी असतो.

आणि इथेच मामांच्या प्रश्नाला दुसरा, अधिक टोचणारा अर्थ येतो. गाभ्यातल्या माणसाला सांगितले गेले, की वन्यजीवांसाठी तू जा. त्याच डोंगराच्या अलीकडच्या उतारावर मात्र ‘नवीन महाबळेश्वर’ नावाचे गिरिस्थान उभे करण्याची कल्पना अनेक वर्षे घोळते आहे. सातारा जिल्ह्यातल्या दोनशेहून अधिक गावांचा विकास आराखडा २०२४ मध्ये हरकतींसाठी लोकांपुढे आला. गावकऱ्यांना रोजगार हवा, रस्ता हवा, दवाखाना हवा. तो त्यांचा हक्कच आहे. पण डोंगरात जन्मलेल्या माणसाच्या झोपडीने जंगलाला बाधा येते आणि मुंबई-पुण्याच्या माणसाच्या दुसऱ्या घराने येत नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते?

पश्चिम घाटाचे काय करायचे, याचा विचार झालाच नाही असे नाही. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये अहवाल दिला. निर्णय ग्रामसभेपासून वर जावेत, हा त्याचा गाभा होता. त्यावर गदारोळ उठला. २०१३ मध्ये कस्तुरीरंगन गटाचा अहवाल आला आणि त्यात संवेदनशील क्षेत्र आटोपशीर झाले. तेही पचले नाही. २०२४ च्या जुलैअखेर केंद्राने या क्षेत्राची सहावी मसुदा अधिसूचना काढली. त्यात महाराष्ट्राचा वाटा १७,३४० चौरस किलोमीटरचा. सहावा मसुदा! एखाद्या शेतकऱ्याला जमिनीवरून उठायला आपण जेवढी मुदत देतो, तिच्याशी या मुदतीची तुलना करून पाहा.

या सगळ्यात एक मधला रस्ता मला दिसतो. २००२ च्या दुरुस्तीने वन्यजीव कायद्यात ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ ही सोय आली. यात गावे हलवायची नसतात. जमीन सरकारी असली तरी भोवतालच्या ग्रामपंचायतींना समितीत जागा असते. महाराष्ट्राने २०२० मध्ये तिलारी आणि पुढच्या काळात आंबोली-दोडामार्ग, चंदगड, आजरा-भुदरगड, गगनबावडा, पन्हाळगड, विशाळगड, जोर-जांभळी असे पट्टे जाहीर केले. नकाशावर ही नावे वरून खाली वाचत गेलात, तर साताऱ्यापासून गोवा-कर्नाटकाच्या सीमेपर्यंत डोंगराची एक साखळी तयार होते. वाघाला हीच साखळी हवी आहे. दक्षिणेत कर्नाटकातल्या काळी नदीच्या जंगलात वाघ आहेत; तिथून तो या धारेने चालत वर येऊ शकतो. सह्याद्री प्रकल्पात २०१८ मध्ये कॅमेऱ्याने वाघ टिपला आणि २०२३ च्या डिसेंबरात पुन्हा टिपला. हे वाघ कुणी गाडीतून आणले नव्हते. ते माणसांच्या शेतांच्या कडेने, रात्री, कुणाच्या लक्षात न येता आले. म्हणजे वाघाची वाट गाभ्यातून कमी आणि गावांच्या शिवारांतून जास्त जाते. ती गावे वाघाच्या बाजूची असली तरच वाघ पोहोचतो.

ती त्याच्या बाजूची व्हावीत म्हणून काय करावे लागेल? माझ्या अल्पमतीप्रमाणे तीन गोष्टी. पहिली, जुने देणे फेडा. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेची संमती आणि नव्या जागेची पूर्ण तयारी झाल्याशिवाय अशा क्षेत्रातून कुणाला हलवता येणार नाही, असे ठरवले. व्याघ्र प्रकल्पातून उठणाऱ्या कुटुंबाला मिळणारी रक्कमही २००८ मध्ये दहा लाख आणि २०२१ मध्ये पंधरा लाख झाली. पण जे त्याआधी उठले त्यांचे काय? त्यांचे सातबारे आजही कुणाच्या तरी टेबलावर आहेत. दुसरी, जंगलावर जो पैसा मिळतो, म्हणजे गाडी, वाटाड्या, लाँच, खानावळ, कुरण राखण्याची मजुरी, त्यावर पहिला हक्क उठलेल्या आणि काठावर उरलेल्या गावांचा असावा. रानडुकराने आणि गव्याने पीक खाल्ले तर भरपाई पुढच्या पेरणीच्या आत मिळावी. तिसरी, जो नियम गाभ्यातल्या झोपडीला लावला, तो सड्यावरच्या बंगल्यालाही लावा. निदान तेवढी लाज आपण राखू.

यात क्रांतिकारक काही नाही, हे मला कळते. पण डोंगर कुंपणावर टिकत नाहीत. कुंपणाबाहेर राहणाऱ्या माणसांच्या मनावर टिकतात. वणवा लागला तर पहिल्यांदा कुणाला दिसतो? फासा लावणारा कोण, हे कुणाला ठाऊक असते? वनरक्षक एक आणि त्याच्या वाट्याला किती दऱ्या! त्याला रात्री अकराला फोन करणारा माणूस गावात हवा. तो माणूस आपण गेली साठ वर्षे दुखावत आलो आहोत.

२०२५ मध्ये केंद्राने विदर्भातून आठ वाघ सह्याद्रीत आणायला परवानगी दिली आणि नोव्हेंबरात ताडोब्याहून पहिली वाघीण चांदोलीत आली. बातमी वाचली आणि मी मामांना फोन लावला. त्यांचे वय झाले आहे; आता चैत्रात आत चालवत नाही, तरुण कुणी जायला मागत नाही. ऐकायलाही कमी येते.

‘‘मामा, वाघ आला!’’ मी ओरडून सांगितले. ‘‘वाघीण आली. ताडोब्याहून आणली.’’

‘‘कशी आणली?’’

‘‘गाडीतून. आधी कुंपणात ठेवून, रानाची सवय करून मग सोडायची असते.’’

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग मामा म्हणाले, ‘‘म्हंजी तिलाबी आपलं रान सोडायला लागलं म्हणा की.’’ आणि मग हसले. खोकला येईपर्यंत हसले. ‘‘ब्येस झालं. आदी जागा दावली, सवय केली, मग सोडलं. तिचं पुनर्वसन येवस्थित झालं बगा. आमच्यापरीस येवस्थित.’’

फोन ठेवताना मात्र त्यांनी विचारले, ‘‘आमच्या शेताकडं गेली का वो ती? तितं गवं असत्यात. तिला सांगा म्हणावं, पोट भरंल.’’